टोळीबरोबर गेलेल्या लेकरांची यादी

बाई,

तुम्हाला आणि मला, दोघींनाही एकाच गोष्टीचा राग होता. गावातली लेकरं मोजताना कुणी 'ऊसतोडीला गेलेली सोडून' असं म्हटलं की तुमच्या कपाळावरची शीर तटतटायची. तोच राग पुढे माझ्या गळ्यात उतरला. अंबाजोगाईला कॉलेजात असताना, नंतर बीडला मोर्च्यांत, आणि आता सरकारी प्रशिक्षणांतसुद्धा मी त्याच रागावर सभा गाजवते. "आपल्या जिल्ह्यात माणसं कोयत्यानं मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मग पाठीवरचं लेकरू कशात धरायचं?" असं विचारून मी थांबते. समोरचे खाली बघतात, मग टाळ्या पडतात. आज त्या टाळ्यांबद्दल नाही लिहायचं. आज हे सांगायचंय की ती लेकरं यादीतून सोडून देण्याचं काम पुढे मीच केलं. आणि तुमच्या हाताखाली शिकलेल्या पोरीनं केलं म्हणून ते इतकं नीटनेटकं झालं की कुणाला दिसलंच नाही.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही नर्स होता त्या आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात आता तुम्हाला पाहिलेलं कुणी नोकरीत उरलेलं नाही. मागच्या दोन खोल्यांचं क्वार्टर पाडलं. मला मात्र ते स्वयंपाकघर अजून वासासकट आठवतं. एकच वातीचा स्टोव्ह. पहाटे आंघोळ करून तुम्ही गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायच्या, आणि उठल्या की स्टोव्हवर पहिलं भांडं चढायचं ते सुयांचं. काचेच्या सिरिंजा फडक्यात गुंडाळून त्यात उकळायच्या. त्यानंतर चहा, आणि चहानंतर भाकरी. कुणी म्हटलं की बाई, आधी चहा तर घ्या, तर तुम्ही म्हणायच्या, "चहा थांबतो, जंतू थांबत नाहीत." एका दुष्काळी वर्षी टँकर चार-चार दिवस यायचा नाही. तेव्हाही घरातल्या पाण्यातला पहिला तांब्या सुयांच्या भांड्यात जायचा. उरलेल्यात आपण दोघी. एकदा तुम्ही सगळा दिवस तोंड न धुता काढला आणि संध्याकाळी आरशात बघून म्हणालात, "बघ गं, ऊसतोडीवाली दिसते की नाही मी?" मी हसून हसून स्टोव्हपाशी लोळले होते.

मी तिथं कशी आले, ते आमच्या घरात अजून सांगतात. दसरा झाला होता, ऊसतोडीची टोळी निघायची होती, ट्रकमध्ये भांडी-कुंडी चढत होती. मला नववं वर्ष. तोवरचा प्रत्येक हिवाळा मी उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत काढलेला. माय उसाच्या मोळ्या बांधायची, मी धाकट्या बहिणीला धरून बसायची. तुम्ही लसीचा डबा खांद्याला अडकवून ट्रकपाशी आलात, लेकरांना शोधून शोधून टोचलंत, आणि मग मायला म्हणालात, "हिला ठेवून जा माझ्यापाशी. शाळा करील."

माय म्हणाली, "अन् धाकलीला कोण सांबाळील वो बाई? म्या मोळी बांदू का लेकरू बांदू?"

"एक लेकरू घेऊन जा, एक माझ्यापाशी राहू दे. दोन्ही न्यायची म्हणशील तर दोन्ही कोयतेच होतील."

ट्रकवरून टोळी नेणारा मुकादम ओरडला, "बाई, तुमी न्हेमी माल उतरिताव आमचा! पुढल्या साली ड्रायव्हर बी ठिऊन घ्या!" सगळा ट्रक हसला. माय हसली नाही. तिनं माझ्या केसांना तेल लावायचं राहिलंय एवढंच तुम्हाला सांगितलं, जणू तेवढ्याचाच प्रश्न होता. गाडी हलली तेव्हा मी रडले नाही. तुम्हीच नाक पुसत होता.

दुष्काळाच्या त्या वर्षी लसीचा बर्फही आटला. उपकेंद्रात फ्रीज नव्हता. बर्फ यायचा तो गावच्या दूध सोसायटीतून, तिथं दूध गार ठेवायची टाकी होती म्हणून. महिन्यातून दोनदा तुम्ही सकाळी जाऊन डब्यापुरता बर्फ मागायच्या आणि सचिव एखादा टोमणा मारून द्यायचा. मग गुरं छावणीला गेली, दूध बंद झालं, सोसायटीनं टाकी बंद केली. तुम्ही गेलात तर तो दार अडवून उभा. "बाई, दूदच न्हाई तर टाकी कावून चालवू? तुमच्या चार सुयांसाठी?" तुम्ही म्हणालात, "सोसायटी कुणाची? सभासदांची. सभासदांची लेकरं कुणाची, तेही सांगा." तो म्हणाला, "लेकरं आमचीच हायती, पण वीज सोसायटीची हाय." शेवटी त्याला हात जोडायला लावूनच तुम्ही परत फिरलात, पण बर्फ मिळाला नाहीच. त्यानंतर तुम्ही लसीच्या दिवशी पहिल्या एसटीनं मांजरसुंब्याला जायच्या आणि बीडहून येणारी आरोग्य खात्याची जीप तिथं गाठून, ढाब्याच्या बाकड्यावर भरलेला डबा मांडीवर घेऊन परतीच्या गाडीची वाट बघायच्या. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असे. उन्हात डब्यावर तुमचा पदर, तुमच्या डोक्यावर काही नाही. ढाबेवाला विचारायचा, "बाई, डब्यात काय दम बिर्यानी हाय का काय, उगडतच न्हाईत?" तुम्ही म्हणायच्या, "उघडली तर नासंल." आज मी लस गार ठेवण्यावर, शीतसाखळीवर तासभर बोलते, पडद्यावर आलेख दाखवते. तो पदर मला कुठल्याच आलेखात बसवता आलेला नाही.

आता तुमच्या वहीबद्दल. सरकारी रजिस्टरात लेकरं घरक्रमांकानं लिहिलेली असत. दिवाळीत निम्मी घरं कुलूपबंद झाली की त्या ओळींपुढे 'बाहेरगावी' लिहायचं आणि त्यांना शोधत बसायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. तुम्ही सरकारी रजिस्टर सरकारी पद्धतीनं भरायच्या, पण लाल पुठ्ठ्याची एक वही वेगळी ठेवायच्या. त्यात घरक्रमांक नव्हते. लेकराचं नाव, आईचं नाव, मुकादम कोण, कारखाना कुठला आणि कुठली लस राहिली, एवढंच. टोळी गेल्यावर तुम्ही त्या-त्या कारखान्याजवळच्या दवाखान्यातल्या, कधीही न बघितलेल्या नर्सबाईला पोस्टकार्ड लिहायच्या. 'तुमच्या कारखान्याच्या फडावर अमक्या मुकादमाच्या टोळीत आमची तीन लेकरं आहेत. गोवराची लस राहिली आहे. कृपया शोधावं.' उत्तरं फारशी यायची नाहीत. एक आलेलं मला पाठ आहे. 'दोघांना टोचलं. तिसरं सापडलं नाही. शोधते.' तुम्ही ते कार्ड देवळीत ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी दुसरं आलं. त्यावर एकच शब्द होता, 'सापडलं.' तुम्ही त्या दिवशी शिरा केला.

मी सातवीत असताना महिन्याचा अहवाल उतरवून द्यायचं काम माझ्याकडे होतं, अक्षर चांगलं म्हणून. एकदा मला शहाणपण सुचलं. बाहेरगावी गेलेली नावं सरळ गाळून मी नवी स्वच्छ यादी केली. उरलेल्या सगळ्यांना लस मिळालेली, म्हणजे गाव पैकीच्या पैकी. तुम्ही भाकरी थापत होतात. मी कागद नाचवत आले. तुम्ही पिठाचे हात तसेच ठेवून वाचलंत आणि विचारलंत, "तुझी बहीण कुठंय ह्यात?"

मी कागद पुन्हा वाचला. ती नव्हती. मायबरोबर फडावर होती, म्हणून मीच तिला गाळलं होतं.

"लेकरं कमी करून टक्का वाढवतेस? नाही टोचलं तर नाही टोचलं म्हणून लिही. लाज वाटू दे आपल्याला. पण नाव खोडू नको. नाव खोडलं की शोधणारं कुणी राहत नाही." एवढंच बोललात. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. तव्यावरची भाकरी करपली, तीच मला वाढलीत आणि दुसरी करपवून स्वतः घेतलीत. मग मला पेन्सिल देऊन सगळी नावं पुन्हा लिहायला लावलीत, मुकादमासकट.

दहावीनंतर मी अंबाजोगाईला निघाले तेव्हा तुम्ही हातातलं घड्याळ काढून दिलंत. सेकंदकाटा मोठा होता. लेकराचा श्वास मोजायला बरं पडतं, म्हणालात. ते मी दुसऱ्याच वर्षी वसतिगृहाच्या नळावर विसरले आणि नंतर मिळालं नाही. तुम्ही प्रत्येक सुट्टीत मनगटाकडे बघायच्या, मी लांब बाह्यांचं घालून यायची. तुम्हाला कळलं असणार. विचारलं कधी नाहीत.

मी डॉक्टर झाले, साथरोगांचं शिकले, आणि आता लसीकरणाची माहिती सांभाळणाऱ्या पथकाची प्रमुख आहे. गावागावांतल्या नर्सा हातातल्या टॅबवर लेकरांची नोंद करतात, ती आमच्याकडे येते. कुठं किती राहिली, कुठं साथ येऊ शकते, हे आम्ही सांगायचं. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की ऊसतोडीच्या गावांतल्या नर्सांना सारख्या नोटिसा जातात. लेकरं गावातच नाहीत, तर त्या टोचणार कुणाला? माझा राग उसळला. बैठकीत मी भांडले, मोठ्या आवाजात, आणि एक नियम मंजूर करून घेतला. सलग तीन वेळा जे लेकरू गावात सापडणार नाही ते 'स्थलांतरित' धरायचं आणि गावाच्या उद्दिष्टातून आपोआप वगळायचं. मनात पाप नव्हतं हो बाई. तुमच्यासारख्याच कुणाला बोलणी बसू नयेत, एवढंच होतं. आकडेवारी सांभाळणाऱ्या आमच्या ताई तेव्हा म्हणाल्या होत्या, "मॅडम, पाडव्याला ती परत आली की?" मी म्हटलं, "आली की नव्यानं नोंदवतील." त्या म्हणाल्या, "नोंदवायला गेलं की टॅब म्हणणार, नोंद आधीच आहे, बंद आहे. उघडायला आपली परवानगी लागणार. कोण मागतंय?" मी पुढच्या विषयाकडे वळले. त्यानंतर आमचे आकडे दरवर्षी चढत गेले. माझा सत्कार झाला, आणि त्यातही मी कोयत्याचंच भाषण केलं.

यंदा पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या आणि त्यांच्याबरोबर गोवर आला. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात एका दोन वर्षांच्या मुलीला गोवरानंतर न्यूमोनिया झाला होता. चौकशीला मी स्वतः गेले. पोरीची आई पलंगाच्या लोखंडी कडेला कडुलिंबाचा डहाळा बांधून बसलेली. आपल्याकडे गोवराला अजून 'बाया आल्या' म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. तो डहाळा बघितला आणि माझी जीभ सुटली. लस म्हणजे काय, अंधश्रद्धेनं लेकरं कशी मरतात, आईची जबाबदारी काय, सगळं. आजूबाजूचे पलंग ऐकत होते. बोलता बोलता हातातल्या फॉर्मवर, लस न घेण्याचं कारण या रकान्यात, मी 'पालकांचा नकार' लिहूनही टाकलं. ती बाई माझं संपेपर्यंत थांबली.

मग म्हणाली, "मॅडम, झालं का तुमचं? आता माझं ऐका. फडावर नर्स आलती. तिनं गाव इचारलं. म्हणली, तुमच्या गावाकडं घ्या. गावाकडं आलो, तितल्या बाईनं डबडं दाबून बगितलं, म्हणली तुमच्या पोरीचं नाव बंद हाय, वरून उगडावं लागतंय, पुढल्या बारीला या. दर बारीला त्येच, मंग आमी परत फडावर गेलो. आता सांगा, म्या न्हाई कवा म्हणलं?"

वरून उघडावं लागतं. ते वर म्हणजे मी, बाई.

मी फॉर्मवरचे ते दोन शब्द खोडू शकत होते. पेन हातातच होतं. मी म्हटलं, "बघते," आणि फाइल मिटली. फॉर्म पुढे गेला. त्यावरून नकार देणाऱ्या कुटुंबांची यादी झाली, ती ग्रामसभेत वाचली गेली. पोरगी वाचली. उजव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही. आणि तिच्या आईला गावात सगळे म्हणतात की हिनं लस नको म्हणून हट्ट केला आणि लेकराचा कान घालवला.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या गावी गेले. माफी मागायला गेले होते, बरोबर कुणाला नेलं नव्हतं. ती सामान बांधत होती, दहा दिवसांवर ट्रक आलेला. पोरगी दारात खापऱ्या मांडून खेळत होती. मी उजव्या अंगाला बसून हाक मारली, तिनं बघितलं नाही. आई आतूनच म्हणाली, "डाव्या अंगानं बोला, तिकडून न्हाई कळत तिला." मी उठून डावीकडे बसले. पोरीनं एक खापरी माझ्या हातावर ठेवली, भाकरी म्हणून. मी खाल्ल्यासारखं केलं. ती म्हणाली, अजून घे.

तिच्या सासूबाई ओट्यावरून बोलल्याच, "आता आल्या व्हय? हिला सांगा समजावून. हिनंच न्हाई म्हणलं, कागुद हाय तसा." सुनेनं सासूकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं, की त्यांनी नाही म्हटलं नाही, तो कागद माझा आहे, तो खोटा आहे. हजार माणसांपुढे मी न थांबता दोन तास बोलते, बाई. त्या ओट्यापाशी मी पाणी किती लांबून आणता, टँकर येतो का, असलं काहीतरी विचारलं. तिनं उत्तरं दिली. मग पाळण्यातलं चार महिन्यांचं लेकरू उचलून माझ्यापुढे धरलं. "हे फडावरच नऊ म्हैन्याचं व्हईल. ह्याचं नाव बंद करू नका एवढंच करा." मी पुन्हा म्हटलं, बघते.

गाडीत बसल्यावर तुम्ही आठवलात. राग आला असता तुम्हाला, पण त्याहून जास्त म्हणजे तुम्ही करपलेली भाकरी माझ्याबरोबर खाल्ली असती, असं वाटलं. तुमची लाल वही मी पुष्कळ शोधली. तुम्हाला लिंगायत रीतीनं पुरल्यावर तुमच्या भावानं सामान नेलं, त्यात कुठं गेली असेल कोण जाणे. परवा मी आमच्या ताईंना बोलावून वहीतले ते पाच रकाने कागदावर काढून दाखवले. त्यांनी एकेका रकान्यावरून बोट फिरवलं. "हे टॅबमध्ये बसतंय मॅडम. दोन दिवसांचं काम आहे. आधी कावून नाही सांगितलं?" मी कागद त्यांच्याकडे सरकवला. का नाही सांगितलं, ते त्याही जाणतात.

उद्या सकाळी सगळ्या तालुक्यांची बैठक आहे आणि त्यानंतर दोन दिवसांनी गाड्या हलतील. माझं भाषण तयार आहे. काल मोठ्यानं वाचून बघितलं. चांगलं आहे, टाळ्या पडतील. त्यात 'यंत्रणेची चूक' असं मी पाच ठिकाणी लिहिलंय. 'माझी' एकदाही नाही. ते भाषण मी आत्ता फाडलं.

हे पत्र कुठं टाकणार? तुम्हाला पत्ता नाही. आणि एक कबूल करते. हे तुम्हाला लिहायचंच नव्हतं, त्या बाईला लिहायचं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं, कारण तुम्ही माझ्यावर माया करायच्या आणि आता उलटून विचारणार नाही. ती विचारील. म्हणून बैठक संपली की मी तिच्या ओट्यावर जाणार आहे आणि सासूबाईंच्या समोर ते एक वाक्य बोलणार आहे. पण आधी बैठकीत उभी राहून म्हणेन की नियम मी केला, चूक माझी आहे, त्या आईचा नकार नव्हता. आणि मग समोर बसलेल्या प्रत्येकाला एकच काम सांगेन: बंद केलेली नावं आज उघडा, आणि ट्रक हलायच्या आधी टोळीपाशी जाऊन प्रत्येक लेकराच्या नावापुढे त्याचा मुकादम आणि कारखाना लिहून घ्या.